लाकूड तोडा, पाणी भरा, पण जमीन मागू नका!



मागच्या महिन्यात आपल्या दोन गावांत एक कागद फिरला. कागद छापील होता. त्यावर शिक्का नव्हता, जावक नंबर नव्हता. खाली अंगठ्याला मात्र जागा सोडलेली होती. घेऊन येणाऱ्यानं सांगितलं, "काही नाही, सरकार तुमच्यावर दया करून राहिलं. राहू देऊन राहिलं. फक्त अंगठा द्या."

आमच्यातल्या एकानं कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात लिहिलेलं होतं ते असं: आम्ही वनजमिनीवर हक्क नसताना राहतो, मेहेरबानी म्हणून आम्हाला राहू दिलं आहे, सांगितलं तेव्हा आम्ही जागा खाली करू.

एका गावानं कागद परत पाठवला. दुसऱ्या गावात अर्ध्या घरांनी अंगठे दिले. ज्यांनी दिले त्यांना शिव्या देण्यासाठी हा लेख नाही. त्यांनी काहून दिले ते आम्हाला माहीत आहे. भीतीनं दिले. मेहेरबानीच्या कागदावर अंगठा दिला की पुढं काय होतं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगावी लागते.

गिबोनची गोष्ट

उन्हाळ्यातल्या शिबिरात आमच्या एका बहिणीनं ही गोष्ट सांगितली. तिची आजी खाली सपाटीवर मिशनच्या दवाखान्यात कामाला होती, तिथंच खिरिस्ती झाली. आमच्यातले बहुतेक मुठवा देवाला मानणारे, कोणी महादेवाला, कोणी रावणाला. पण गोष्ट ऐकून सगळे गप झाले. एक म्हातारा म्हणाला, "हे तर आमचंच हाय."

गोष्ट बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकात आहे. इस्राएल लोक आधी मिसर देशात राजाची वेठ करत होते. विटा पाडत होते, मार खात होते. तिथून ते सुटले, ४० वर्षं रानात फिरले आणि कनान देशाच्या वेशीवर आले. ते म्हणत, ही जमीन आमच्या देवानं आम्हाला द्यायचं वचन दिलं आहे. पण जमीन मोकळी नव्हती. तिथं कनानी, अमोरी, हिव्वी असे लोक आधीपासून गावं करून राहत होते. यरीहो नावाचं गाव पडलं, आय नावाचं गाव जळलं, माणसं कापली गेली.

जवळच गिबोन होतं, हिव्वी लोकांचं. त्यांना कळलं, आता आपली पाळी. त्यांनी युक्ती केली. फाटकी पोती गाढवांवर टाकली. ठिगळं लावलेल्या वहाणा घातल्या. बुरशी आलेली भाकर सोबत घेतली. गिलगालच्या छावणीत जाऊन म्हणाले, आम्ही फार लांबून आलो, निघालो तेव्हा ही भाकर गरम होती, आमच्याशी करार करा. इस्राएलच्या पुढाऱ्यांनी देवाची शपथ घेऊन करार केला की तुम्हाला मारणार नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की हे तर शेजारचेच लोक आहेत.

छावणीत आरडाओरडा झाला, मारा म्हणून. पुढारी म्हणाले, शपथ मोडता येत नाही. मग तोड निघाली. जिवंत राहू देऊ, पण आमच्यासाठी लाकूड तोडायचं आणि पाणी भरायचं. सगळ्या छावणीसाठी आणि देवाच्या वेदीसाठी. पिढ्यानपिढ्या. गिबोनच्या लोकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, आम्ही तुमच्या हातात आहोत, तुम्हाला बरं वाटेल ते करा.

हे सगळं असंच घडलं का, यावर विद्वान लोक वाद करतात. करू द्या. आम्हाला एवढं दिसतं की जीव वाचला, पण जमिनीच्या मालकांचे त्याच जमिनीवर लाकूडतोडे आणि पाणके झाले.

आमच्या डोंगरातलं गिबोन

आता आपल्याकडे बघा.

आपले पूर्वज डोंगराच्या उतारावर झाडं तोडून, जाळून, राखेत कोदो-कुटकी पेरत. दोन-तीन वर्षांनी जागा बदलत. मागं पुन्हा जंगल उभं राहायचं. इंग्रज आला तेव्हा मेळघाटात सागवान उभं होतं ते आपण असताना उभं होतं, आपण नसताना नाही.

इंग्रजाला लाकूड पाहिजे होतं. १८६७ साली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. रुळाखाली लाकूड, पुलाला लाकूड, इमारतीला लाकूड. देशात १८६५ साली पहिला जंगल कायदा झाला, १८७८ साली दुसरा, १९२७ साली तिसरा. तो तिसरा आजही आपल्या डोक्यावर आहे. जंगल 'राखीव' झालं. कोणासाठी राखीव, ते नावातच लिहिलं नाही.

राखीव जंगलात माणूस नको असं ठरलं. पण कूप कोण तोडील? जाळरेषा कोण साफ करील? वणवा कोण विझवील? रोपं कोण लावील? माणूस नको होता, पण माणसाचे हात पाहिजे होते. म्हणून जंगलाच्या आत वनग्रामं बसवली. घरटी थोडी शेती दिली. अट अशी की खातं बोलावील तेव्हा कामाला यायचं. जमीन खात्याची, झोपडीचा वासा खात्याचा. काम सोडलं की जमीन सुटली. नावावर काही नाही. बाप मेला तर पोराला पुन्हा हात जोडायचे.

आमच्या आज्यांनी बंगल्यावर पाणी भरलं आहे. साहेब दौऱ्यावर आला की गावात सांगावा यायचा. चार जणांनी लाकडाच्या मोळ्या न्यायच्या, दोघांनी कावडीनं पाणी आणून साहेबाच्या आंघोळीचं टाकं भरायचं, कोंबडी वेगळी. मजुरी मागितली तर "जमीन कोणाची खाता रे?" म्हणून विचारायचे. ही गोष्ट आमच्या घराघरात सांगतात. शिबिरातला म्हातारा "हे आमचंच हाय" म्हणाला ते यासाठीच. त्यानं स्वतः कावड वाहिली आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, वनग्राम म्हणजे गिबोन. जगू दिलं, पण मोलकरी करून.

कोणता करार? कोणाशी?

एका गोष्टीत गिबोनवाले आपल्यापेक्षा बरे होते. त्यांच्याशी निदान करार झाला. समोर बसवून, शपथ घेऊन.

आपल्या डोंगराचे करार कुठं झाले? आपल्याच पायथ्याला झाले. १८०३ साली नोव्हेंबरच्या २९ तारखेला आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगावला लढाई झाली. १५ डिसेंबरला वेलस्ली नावाच्या इंग्रज सेनापतीनं गाविलगड घेतला. दोन दिवसांनी देवगावला नागपूरकर भोसल्यांशी तह झाला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडे राहिले. पुढं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला.

एक महिनाभर आपल्या डोंगराच्या सावलीत बसून राजे लोकांनी वाटे पाडले. कोणाला किल्ला, कोणाला महसूल. त्या कागदांवर एकाही कोरकूचा, गोंडाचा, निहालाचा अंगठा नाही. कोणी विचारलंच नाही. अंजनगावचा बाजार आपण दर आठवड्याला करतो, पण तिथं आपला डोंगर विकला गेला हे शाळेत आम्हाला कोणी शिकवलं नाही.

मग आज कोणी म्हणालं की "तुमच्याकडे कागद कुठं आहे?", तर उत्तर द्या. कागद लिहिणाऱ्यांनी आम्हाला बोलावलंच नव्हतं. कागद नसणं हा आमचा गुन्हा नाही, तो तुमच्या कागदाचा दोष आहे.

काही जण म्हणतील, देवानं जमीन दिली असं इस्राएल लोक म्हणत, तसं तुम्हीही म्हणा. म्हणायला आपल्याकडेही आहे. सातपुडा रिकामा होता, रावणानं महादेवाला विनवलं, महादेवानं लाल मातीचे दोन पुतळे केले, त्यांच्यापासून कोरकू झाले, असं आपले म्हातारे सांगतात. या मातीची माणसं या मातीसाठीच केली. पण आम्ही ही सनद तहसीलमध्ये घेऊन जाणार नाही. देवाच्या नावानं जमीन मागायला लागलं तर ज्याची फौज मोठी त्याचा देव मोठा होतो. अमेरिकेत गेलेल्या गोऱ्यांनी तिथल्या मूळच्या लोकांना कनानी ठरवलं आणि त्यांची जमीन घेतली. दक्षिण आफ्रिकेतही गोऱ्यांनी स्वतःला निवडलेले लोक मानलं आणि काळ्यांना लाकूडतोड्या-पाणक्यांचं काम दिलं. तिथं सगळ्यांचं मतदान व्हायला १९९४ साल उजाडलं. आपला दावा साधा आहे. आम्ही इथं राहतो, इथं कसतो, आमचे मेलेले इथं आहेत.

खोटं कोण बोललं?

गोष्ट ऐकून शिबिरात एका पोरानं विचारलं, "पण गिबोनवाले खोटं बोलले की नाही?"

बोलले. आणि हाच आरोप आपल्यावर रोज होतो. आदिवासी खोटारडे, कालची तोड वीस वर्षांची म्हणून दाखवतात, वय वाढवून सांगतात, असं म्हणतात.

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं उत्तर खात्याला. ज्या माणसानं खरं सांगितलं तर त्याचं घर जळतं, तो फाटक्या वहाणा घालूनच येणार. गिबोननं खरं सांगितलं असतं तर त्यांचं आय झालं असतं. आमच्या बापांनी नाकेदाराला खरं सांगितलं तर बैल जप्त, नांगर जप्त. खोट्याला शिव्या देण्याआधी खऱ्याला जागा करून द्या.

दुसरं उत्तर आपल्याला, आणि ते कडू आहे. फाटक्या वहाणांनी गिबोनचा जीव वाचला, पण खोटेपणा त्यांच्या गळ्यातला फास झाला. "तुम्ही फसवलं" म्हणूनच त्यांना पाणके करता आलं. आपल्यात कोणी या दोन-चार वर्षांत नवी तोड केली असेल आणि ती जुनी म्हणून यादीत घालत असेल, तर तो गावाचा नाश करतो. एक खोटा दावा दाखवून शंभर खरे फेकले जातात. महाराष्ट्र सरकारनं ३१ मार्च १९७८ च्या आधीची वहिवाट कायम करू असं ठरवलं. केंद्रानं २५ ऑक्टोबर १९८० ची तारीख धरली. या तारखांच्या आधीचं शेत असेल तर छाती पुढं करून सांगा. आणि नवीन असेल तर नवीनच म्हणा. भूमिहीन आहात म्हणून मागा, त्यासाठी आपण वेगळं लढू. पण खोटी तारीख लिहू नका.

आपणही कोणाला पाणके केलं?

आता जे लिहितो ते काही जणांना आवडणार नाही.

इस्राएल लोक स्वतः मिसरमध्ये वेठ करून आले होते. पाठीवरचे वळ गेले नव्हते. तरी पहिली संधी मिळाली तेव्हा त्यांनी शेजाऱ्याच्या खांद्यावर कावड दिली. हे वाचून आम्ही त्यांना नावं ठेवली. मग आमच्यातलाच एक निहाल भाऊ उठून म्हणाला, "आणि तुमी आमच्यासंगं काय केलं?"

सगळे खाली बघायला लागले. कोरकूंच्या गावात निहालांनी काय केलं? गुरं राखली, सांगावे नेले, हलकी कामं केली, पंगतीत मागं बसले. जळगाव जामोदकडच्या निहालांची स्वतःची भाषा आहे. जगातल्या कोणत्याच भाषेशी तिचं नातं लागत नाही असं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे ते आपल्याही आधीचे असू शकतात. त्यांना आपण चाकर म्हणून वागवलं. मग खात्यानं आपल्याला तसं वागवलं तर कोणत्या तोंडानं बोलायचं?

गवळी भावांशीही तेच चाललं आहे. चराईवरून दर पावसाळ्यात भांडण. त्यांची गुरं आपल्या पिकात, आपल्या काठ्या त्यांच्या पाठीवर. मग तिसरा येतो, दोघांकडून दंड घेतो आणि हसत जातो. बायबलातही असंच आहे. गिबोननं करार केला म्हणून शेजारचे पाच राजे गिबोनवरच चालून आले. फौज आली होती दुसरीकडून, आणि शेजारी एकमेकांच्या उरावर बसले.

म्हणून संघटनेच्या बैठकीत ठरलं आहे की दाव्याच्या यादीत गावातलं प्रत्येक घर येईल. निहालाचं येईल, गवळ्याचं येईल, बलायाचं येईल. विधवा बाईचं तिच्या स्वतःच्या नावानं येईल. ज्या गावाची यादी फक्त पटेलाच्या भावकीची असेल ती यादी संघटना पुढं नेणार नाही.

राजा बदलला की मेहेरबानी संपते

गिबोनची गोष्ट इथं संपत नाही. पुढचा भाग शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे आणि तोच आपल्या सर्वांत कामाचा आहे.

बऱ्याच पिढ्या गेल्या. शौल नावाचा राजा झाला. त्याला आपल्या लोकांसाठी फार उमाळा आला आणि त्यानं गिबोनच्या लोकांना मारायला काढलं. शपथ होती, करार होता, इतक्या पिढ्यांचं लाकूड-पाणी होतं. काही कामाला आलं नाही. कारण करार काय होता? जगू देऊ, एवढाच. जमीन तुमची, असं त्यात नव्हतं.

आपलं काय झालं? आपल्या आज्यांनी रोपं लावली, वणवे विझवले, कूप तोडले. १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला. १९७४ साली मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला. १९८० च्या कायद्यानं जंगलजमिनीचा निर्णय दिल्लीला गेला. कूपाचं काम घटलं, तशी कामाची माणसंही नकोशी झाली. काल ज्यांना खात्यानंच आणून बसवलं त्यांना आज खातं अतिक्रमणदार म्हणतं. वाघाशी आपलं वैर नाही. वाघदेवाला आपण नारळ देतो. पण वाघ आणि माणूस यांच्यातलं भांडण ज्यांनी लावलं ते दोघांच्याही मधे राहत नाहीत.

१८ सप्टेंबर १९९० ला दिल्लीच्या पर्यावरण व वन मंत्रालयानं परिपत्रक काढलं. वनग्रामांची महसुली गावं करा, लोकांना वारसानं चालणारे पण विकता न येणारे पट्टे द्या, असा त्याचा अर्थ. आज १९९७ साल आहे. काही गावं महसुलात गेली. जी राहिली त्यांना विचारा, परिपत्रक कुठं आहे? कपाटात आहे. मेहेरबानीचा कागद मात्र घरोघर येतो.

पुढं काय झालं ते ऐका. शौल मेला, दावीद राजा झाला, आणि देशात सलग तीन वर्षं दुष्काळ पडला. राजानं देवाला कारण विचारलं. उत्तर आलं की शौलानं गिबोनच्या लोकांना मारलं म्हणून.

आम्हाला सर्वांत जास्त नवल याचं वाटलं. हे पुस्तक इस्राएल लोकांचंच आहे. तरी त्यात त्यांनी स्वतःच्या राजाचा गुन्हा लिहून ठेवला. पाणक्यांवर अन्याय झाला म्हणून आमच्या देशात पाऊस पडला नाही, असं कबूल केलं. आपल्याकडच्या कोणत्या रिपोर्टात असं लिहिलेलं सापडतं? १९९३ साली मेळघाटात लेकरं मेली. पेपरात फोटो आले, मंत्री आले, गाड्यांनी धुरळा उडवला. मग रिपोर्ट निघाले. आया अडाणी आहेत, भूमकाकडे जातात, लवकर लग्नं करतात. हे खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. दवाखान्यात लवकर जा, हे आम्हीही गावोगाव सांगतो. पण कोदो-कुटकीची जमीन कोणी घेतली, मोह वेचायला दंड कोणी लावला, पावसाळ्यात मजुरी का थकली, हे रिपोर्टात लिहायला कोणाची शाई संपली? दुष्काळाचं कारण विचारायची हिंमत त्या जुन्या राजानं केली. आपल्या राजांनी अजून केली नाही.

रक्त नको, सातबारा पाहिजे

दावीदानं गिबोनच्या लोकांना बोलावून विचारलं, तुमच्यासाठी काय करू? त्यांनी सोनं नको म्हटलं, चांदी नको म्हटलं. शौलाच्या घरातले सात पुरुष मागितले. राजानं दिले. जवाच्या कापणीच्या दिवसांत सातही जणांना डोंगरावर मारून टांगलं. त्यातल्या दोघांची आई रिस्पा. तिनं खडकावर गोणपाट अंथरलं आणि पाऊस पडेपर्यंत तिथंच बसली. दिवसा पाखरं हाकलली, रात्री जनावरं हाकलली. शेवटी राजानं हाडं गोळा करून पुरली, तेव्हा कुठं देवानं देशाचं ऐकलं.

ही बाई आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. गिबोनवर अन्याय झाला होता, हे खरं. पण रिस्पाच्या पोरांनी काय केलं होतं? बदला घेऊन गिबोनला काय मिळालं? एक वीतभर जमीन मिळाल्याचं लिहिलेलं नाही. ते पाणकेच राहिले.

म्हणून काही जवान पोरं म्हणतात, "एकदा नाकेदाराले धरून हाणू", त्यांना आमचं सांगणं आहे, हाणू नका. नाकेदार पण कोणत्या तरी गरीब बाईचा पोरगा आहे. त्याला मारलं तर तुरुंगात तुम्ही जाल, आणि ज्यानं हुकूम लिहिला तो अमरावतीत पंख्याखाली चहा पीत राहील. आपल्याला कोणाचा पोरगा नको. आपल्याला सातबारा पाहिजे.

आणि हाडांची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. आपण मेलेल्यांची सिडोली करतो, सागाचा मंडा कोरून उभा करतो. ते मंडे म्हणजे आपले खरे दस्त आहेत. वीस-तीस-चाळीस वर्षांचे मंडे गावाजवळ उभे आहेत. कोणत्या अतिक्रमणदाराच्या चार पिढ्या एका झाडाखाली उभ्या असतात?

आता काय करायचं

१) वाचल्याशिवाय अंगठा नाही. कोणताही कागद आला तर शिक्का बघा, जावक नंबर बघा, सही कोणाची ते बघा. नक्कल मागा. नक्कल देत नसेल तर कागद खोटा समजा.

२) दंडाच्या पावत्या फाडू नका. रागानं चुलीत टाकू नका. कोणत्या साली कोणत्या शेतासाठी दंड भरला, हे त्यावर आहे. ज्या पावतीनं त्यांनी आपल्याला चोर ठरवलं तीच पावती सांगते की आपण त्या साली तिथं कसत होतो.

३) गावाचा नकाशा गावानं काढायचा. विहीर, जुने आंबे-मोह, मुठव्याची जागा, मंडे, मसणवट, पडकी घरं सगळं दाखवायचं. म्हाताऱ्यांना सोबत घ्या. ते आहेत तोपर्यंत लिहून घ्या.

४) यादीत सगळी घरं. निहाल, गवळी, बलाई, विधवा, सगळी. नवी तोड जुनी म्हणून नको.

५) गावसभा भरवा. १९९६ च्या डिसेंबरात पंचायत विस्ताराचा कायदा झाला, भुरिया समितीनं सांगितल्यावरून. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी आणि लोकांना हलवून बसवण्याआधी गावसभेला किंवा पंचायतीला विचारलं पाहिजे, असं त्यात आहे. आपला मेळघाट अनुसूचित क्षेत्रात येतो. खाली अकोट तालुका येत नाही. हे नीट ध्यानात ठेवा. "खाली चांगली जमीन देऊ" म्हणून जो तुम्हाला घाट उतरवतो, तो जमिनीसोबत हे कवचही काढून घेतो.

६) मागणी एकच आणि लेखी. १९९० च्या परिपत्रकाप्रमाणे राहिलेल्या वनग्रामांना महसुली दर्जा, कसणाऱ्याच्या नावानं पट्टा, नवरा-बायको दोघांच्या नावानं. अर्जाची पोच घ्यायची.

शेवटचं, ज्या गावानं अंगठे दिले त्यांच्यासाठी. भाऊ, भीतीत दिलेला अंगठा म्हणजे नशीब नाही. गावसभा घ्या. ठराव लिहा की कागद वाचून न दाखवता अंगठे घेतले, आम्हाला तो मान्य नाही. ज्यांनी दिले त्या सगळ्यांनी ठरावावर पुन्हा अंगठे द्या, या वेळी ऐकून, समजून. आमच्यातले दोघं लिहायला येतील. ठराव तहसीलला आणि कलेक्टरला रजिस्टर पोस्टानं जाईल. शेजारचं जे गाव कागद परत करून बसलं आहे, त्यानंही त्या दिवशी तिथं यायचं. "आमी नाई दिला" म्हणून मिशीला पीळ देत घरी बसायचं नाही.

गिबोनवाले म्हणाले होते, आम्ही तुमच्या हातात आहोत, तुम्हाला बरं वाटेल ते करा. आम्ही तसं म्हणणार नाही. लाकूड आम्ही तोडतो, पाणी आम्ही भरतो, जंगल आम्ही राखतो. आता ते आमच्या गावाच्या नावानं करू.

आदिवासी एकजूट जिंदाबाद!
जंगल-जमीन आमच्या हक्काची, नाही कोणाच्या मेहेरबानीची!

(वाचून झाल्यावर हा अंक पुढच्या घरी द्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा.)